मागच्या दारातलं पिंप

१

फाईल कपाटात नव्हती. शेजारच्या दोन फायली एकमेकींवर रेलल्या होत्या आणि मधल्या रिकाम्या जागेत धूळ नव्हती. म्हणजे फाईल दोन-चार दिवसांपूर्वीपर्यंत तिथंच होती.

"मी काही ती खाल्ली नाही," पांदेलिस म्हणाला.

पालिओस्काला नगरपालिकेत नागरिकत्वाच्या अर्जांचं टेबल हा पांदेलिस सांभाळतो. त्याच्याआधी चौतीस वर्षं मी सांभाळलं. माझं नाव पोलिक्सेनी. या गावात कोण कधी जन्मला आणि कागदावर कधी जन्मला, दोन्ही मला पाठ आहे. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तेवढ्यात सरकारनं माझं पेन्शन तीनदा कापलं, जीभ तेवढी कापायची राहून गेली.

त्या सोमवारी सकाळी मला घरून ओढत आणलं ते एवांथियानं. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, बंदरावरच्या औषधवाल्याची विधवा. नेहमीपेक्षा जास्त लंगडत होती, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधला होता आणि रडून नाक लाल झालं होतं. तिच्यामागे द्रिता उभी होती. फाईल द्रिताची, पण रडत एवांथिया होती.

"पोलिक्सेनी, तूच शोध गं. या उकिरड्यात तुझ्याशिवाय कुणाला काही सापडायचं नाही. माझी धर्माची लेक आहे ती, मला बघवत नाही."

बावीस वर्षांपूर्वी द्रिता अल्बानियातून डोंगर चालत उतरून या गावात आली. नवरा बांधकामावर पडून गेला, मुलीनं जर्मनी गाठली. द्रिता पहाटे लाम्ब्रोसच्या बेकरीत तसराळी घासते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवांथियाच्या आईला सांभाळते. म्हातारी मारिगो एक्याण्णव वर्षांची आहे आणि पाच वर्षं अंथरुणावर आहे.

राहण्याची परवानगी द्रिताला दर दोन वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यासाठी कामाच्या दिवसांचा विमा भरलेला दाखवावा लागतो. या मंदीत मालक विमा भरतो म्हटलं तर लोक त्याला डॉक्टरकडे नेतील. द्रिताची परवानगी मार्चअखेर संपत होती. तिला एकच वाट उरली होती, नागरिकत्वाची. गुरुवारी जिल्ह्याच्या गावी तिची मुलाखत होती आणि बुधवारी दुपारच्या टपालानं फाईल तिथं जायला हवी होती. फाईल नाही तर मुलाखत नाही, आणि पुढचा नंबर दोन वर्षांनी. म्हणजे एप्रिलपासून ज्या गावाच्या पायऱ्या तिनं बावीस वर्षं पुसल्या त्या गावात तिनं चोरासारखं लपून राहायचं.

"शेवटची कधी बघितलीस?" मी पांदेलिसला विचारलं.

"शुक्रवारी सकाळी अकराला. हातात घेऊन कागद मोजले होते. मग केकची वेळ झाली."

मी कपाळाला हात लावला. शुक्रवारी नगरपालिकेनं नववर्षाचा केक कापला होता. जानेवारीत या देशातलं प्रत्येक कार्यालय, प्रत्येक मंडळ आणि बहुतेक तुरुंगसुद्धा केक कापतात, आणि कुणाच्या तुकड्यात नाणं निघतं हे बघायला अर्धं गाव घुसतं. कपाटाची किल्ली सेंट निकोलसच्या तसबिरीमागे खिळ्याला असते. ती तिथं मीच अडकवायला सुरुवात केली होती.

"कपाटाच्या खोलीकडे कोण कोण गेलं?"

पांदेलिसनं बोटांवर मोजलं. "मी. लाम्ब्रोस बेकरीवाला, मोरीत हात धुवायला. आणि एवांथियाबाई, कोट ठेवायला."

तिघांपैकी दोघांनी द्रितासाठी शिफारशीचं पत्र लिहिलं होतं. तिसरं पत्र माझं होतं. चोर तिचा उघड वैरी निघावा असं मला तेव्हाच मनापासून वाटलं, कारण वैऱ्याची निदान किळस येत नाही.

२

वैरी समोरच बसला होता, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली. एवांथिया आणि द्रिताला घरी पाठवलं.

पांदेलिस चर्च दिसलं की तीनदा छातीवर क्रूस करतो, रस्त्यात गाडी थांबवूनसुद्धा. उपास एक चुकवत नाही. आणि परक्यांना कागद देऊ नयेत हे तो परक्यांच्या तोंडावर सांगतो.

"बाई, खरं सांगू? मला तिचं हसू येतं. आपली पोरं इथून पळतायत. माझे दोन भाचे मेलबर्नला भांडी घासतायत. आणि ही बुडत्या होडीचं तिकीट मागतेय."

"म्हणून तू तिकीट लपवलंस?"

"लपवलं असतं तर तुम्हाला सापडलं नसतं. तुमच्याच हाताखाली शिकलोय." तो हसला नाही. "मी तिला कायद्यानं पाडणार होतो. एखादी तारीख चुकलेली, एखादी सही राहिलेली. रोज एक कागद तपासत होतो. पण भेटत नव्हतं काही. बाईनं वीस वर्षांची विजेची बिलंसुद्धा लावलीत. आमच्या महापौराकडे नसतील."

"केक कापताना तू कुठं होतास?"

"सुरी माझ्याच हातात होती. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा पवित्र मातेचा, तिसरा गरिबाचा, मग महापौराचा. नाणं कुठं निघालं सांगू? गरिबाच्या तुकड्यात. महापौरांनी म्हटलं, गरीब काही हजर नाही, आणा इकडे."

मी आणखी काही विचारणार तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या टेबलाच्या खालच्या खणाकडे गेलं. खण बोटभर उघडा होता, आत कागदांचा जाड गठ्ठा दिसत होता. मी बघतेय हे बघून त्यानं गुडघ्यानं खण लोटला आणि किल्ली फिरवून खिशात टाकली.

"काय आहे त्यात?"

"माझी खाजगी कागदपत्रं."

"सरकारी खणात?"

"तुम्ही आता इथल्या साहेब नाही, बाई," तो म्हणाला, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मला कुणीतरी दार दाखवलं.

३

लाम्ब्रोसच्या बेकरीत दुपारी गिऱ्हाईक नसतं. त्यानं मला तीळ लावलेली पावाची कडी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि त्यावरूनच मला कळलं की तो घाबरलाय.

"पोलिक्सेनीताई, त्या फाईलमध्ये माझं नाव आहे का हो?"

"शिफारशीचं पत्र तूच दिलंस ना? त्याच्याखाली तुझीच सही आहे."

"ते नव्हे. ती कुठं काम करते ते तिनं लिहिलंय का? कारण मी..." तो पिठाच्या हातानं मान खाजवायला लागला.

"कारण तू नऊ वर्षं तिचा एका दिवसाचाही विमा भरलेला नाहीस."

"कोण भरतो? तुम्ही सांगा, या गावात कोण भरतो? मी तिला रोज पाव देतो. शिळा नाही, ताजा."

नऊ वर्षांच्या पहाटे आणि त्यांचा हिशेब ताज्या पावात. मी कडी परत काउंटरवर ठेवली.

"शुक्रवारी कपाटाच्या खोलीत किती वेळ होतास?"

"हात धुतले आणि आलो. एवांथियाबाई होत्या तिथं, कोट काढत होत्या. त्यांना विचारा." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि ताई, मला जर ती नकोच असती, तर ही बघा माझ्यामागे भट्टी आहे. पाच मिनिटांत राख झाली असती. तुम्ही शोधतच बसला असता."

तो स्वतःला वाचवायला बोलला, पण बोलला ते खरं होतं. त्या हिवाळ्यात सगळं गाव भट्टीच झालं होतं. हीटरचं तेल परवडेना म्हणून घरोघरी लाकडाच्या शेगड्या आल्या होत्या. लोक जुन्या खुर्च्या जाळत, दारं जाळत, संध्याकाळी डोळे चुरचुरत. अशा गावात चोरलेला कागद कोण जपून ठेवतो? फाईल आत्तापर्यंत कुणाच्या तरी धुराड्यातून आभाळात गेली असणार, हे तिथं उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं.

४

मंगळवारी मी एवांथियाकडे गेले. दारातच वास आला, कोलोन आणि त्याखाली लघवी. द्रिता आत मारिगोला कुशीवर वळवत होती. म्हातारी कण्हत होती आणि द्रिता तिच्याशी बाळाशी बोलावं तसं बोलत होती.

एवांथियानं कॉफी आणि मुरवलेल्या आंबट चेरीची बशी ठेवली. शेगडी पेटलेली होती.

"मुलगीच आहे माझी," ती म्हणाली. "सख्ख्या मुलीनं केलं नसतं. आईला तर हात लावायलाही मला धीर होत नाही, कातडी अशी कागदासारखी झालीय, ते बघूनच मला मळमळतं. दहा वर्षांपूर्वी मीच हिला बाप्तिस्मा दिला ना? तेलाचा हात मीच लावला. फोतिनी नाव मीच ठेवलं."

"आणि हाक द्रिता म्हणूनच मारतेस."

"सवय गं."

"गुडघा फारच धरलाय का?"

"विचारू नकोस. चर्चच्या बेचाळीस पायऱ्या चार वर्षं चढले नाहीये. मेणबत्ती, तेल, सगळं द्रिताच नेते. रविवारचा प्रसादसुद्धा तीच आणते." तिनं कॉफी ढवळली. "ते जाऊ दे. मला सांग, त्या लाम्ब्रोसचंच काम असेल ना हे? का पांदेलिसचं? गुरुवार चुकला तर तिचं काय होईल?"

"दोन वर्षं लपून राहावं लागेल."

"माझ्याकडे राहील की. माझ्या घरात कोण यायला बसलंय विचारायला? तिला कशाची कमी आहे इथं?"

तेवढ्यात द्रिता ओली चादर घेऊन बाहेर आली आणि मी तिच्यामागे मोरीत गेले. तिथं तिला फाईलमधले कागद एकेक करून सांगायला लावले. विजेची बिलं, कर भरल्याच्या पावत्या, भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, तीन पत्रं, फोटो. शेवटी ती जरा थांबली.

"आणि बाप्तिस्म्याचा दाखला."

"तो कशाला? कायदा धर्म विचारत नाही. मी तुला सांगितलं होतं, लावू नकोस म्हणून."

"तुम्ही सांगितलं होतं, पोलिक्सेनीबाई. पण वरती ख्रिस्ताचं चित्र आहे, खाली नोनाची सही आहे." बाप्तिस्मा देणाऱ्या धर्माच्या आईला इथं नोना म्हणतात. "मला वाटलं, त्या साहेबांनी बघावं की माझंपण इथं कुणीतरी आहे."

नळ सुरू होता, तो मी बंद केला.

आणि मग तो दाखला माझ्या डोक्यात फिरायला लागला. ख्रिस्ताचं चित्र असलेला कागद. या गावात माणूस बायकोला फसवेल, कर बुडवेल, मेलेल्या आजीचं पेन्शन खाईल. पण पवित्र चित्राचा कागद तो कचऱ्यात टाकणार नाही आणि घरच्या शेगडीत तर नाहीच नाही. देवाच्या निर्माल्याची एकच जागा आहे, ते चर्चमध्ये नेऊन द्यायचं, ते तिथंच जाळतात.

"द्रिता," मी म्हटलं, "चर्चमधलं निर्माल्याचं पिंप कुठं असतं आता?"

"मागच्या दाराशी," ती म्हणाली. "का?"

५

चर्चची झाडलोट असिमो करते. तिचं आणि माझं जमतं, कारण दोघींनाही माणसांचा वीट आलेला आहे.

"उपस, उपस," ती म्हणाली. "त्यात तुला नवीन काय सापडणार?"

मागच्या दाराशी पत्र्याचं मोठं पिंप होतं. मी कोटाच्या बाह्या वर करून एकेक वस्तू काढली. फुटलेल्या तसबिरी, सुकलेले झावळ्यांचे क्रूस, संतांची चित्रं असलेल्या कॅलेंडरांची पानं.

"ती पानं पांदेलिसची," असिमो म्हणाली. "दर शनिवारी येतो, आठवड्याची पानं फाडून. बहिणीचे कापसाचे बोळेपण तोच आणतो. कंबर मोडलीय ना तिची, पाद्री जाऊन मंतरलेलं तेल लावून येतात."

मी तळापर्यंत गेले. दाखला नव्हता. माझा तर्क साफ पडला होता आणि हाताला राखेचा वास येत होता. बुधवारच्या टपालाला वीस तास उरले होते.

असिमो मात्र आपल्याच नादात होती. "लोकांना अक्कल नाही बघ. तिकडे मेणबत्त्यांशेजारी मी गरिबांच्या कपड्यांची पेटी ठेवलीय. लोकांची पोरं स्वेटर शोधतात त्यात. आणि परवा कुणीतरी शहाण्यानं त्यातच निर्माल्य टाकलं. मी अजून काढलंसुद्धा नाही, राग येऊन तसंच ठेवलं."

मी असिमोला मागे टाकून पुढच्या दालनात गेले. कपड्यांवर वर्तमानपत्राची पुडी होती. आत क्रुसाच्या सणाला चर्चमध्ये वाटतात ती तुळस, सुकलेली, तेलानं पिवळे झालेले कापसाचे सहा बोळे, आणि चार घड्या घातलेला बाप्तिस्म्याचा दाखला. फोतिनी, म्हणजेच द्रिता. स्टेपलच्या दोन भोकांभोवती कागद जराही फाटला नव्हता. कुणीतरी नखानं हळुवार सोडवला होता तो.

"असिमो, या पेटीच्या जागी आधी काय होतं?"

"विसरलीस? निर्माल्याचा लाकडी डबा. तीन वर्षांपूर्वी मेणबत्तीनं पेटला, तेव्हापासून मागे पिंप ठेवलं. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना नाही," मी म्हटलं आणि पायरीवर बसले. मला चोर सापडला होता आणि आनंद मात्र होत नव्हता. तोंडात सकाळच्या त्या आंबट चेरीची चव परत आली.

६

बुधवारी सकाळी नऊला मी तिघांनाही कपाटाच्या खोलीत बोलावलं. द्रितालाही बोलावलं. तिला नको म्हणायचा मोह झाला होता, पण तिच्यामागे तिच्याबद्दल बोलायचं हे गावानं बावीस वर्षं केलंच होतं.

पुडी टेबलावर उघडली. पांदेलिसनं क्रूस केला.

"लाम्ब्रोस," मी म्हटलं, "तू नाहीस. तू ईस्टरशिवाय चर्चमध्ये जात नाहीस. तू घेतली असतीस तर सगळी फाईल भट्टीत गेली असती, देवासकट. हा कागद सोडवून काढणारा माणूस देवाला भिणारा आहे."

लाम्ब्रोसनं सुटकेचा श्वास सोडला आणि सगळ्यांनी पांदेलिसकडे पाहिलं.

"पुडीत मंतरलेल्या तेलाचे बोळे आहेत. म्हणजे पुडी आजारी माणसाच्या घरातली. पांदेलिसच्या घरी आजारी बहीण आहे. तो देवभोळा आहे, आणि त्याला द्रिता नको आहे, ते तो लपवतही नाही."

"बाई, मी—"

"गप्प बस. तूही नाहीस. तू दर शनिवारी मागच्या दाराच्या पिंपात निर्माल्य टाकतोस. तुला झोपेतसुद्धा ते पिंप सापडेल. ही पुडी तीन वर्षांपूर्वी जिथं लाकडी डबा होता तिथं टाकलेली आहे. ती टाकणाऱ्याला डबा कुठं होता हे पक्कं माहीत होतं, तो हलवलाय हे माहीत नव्हतं. म्हणजे पूर्वी जो स्वतः निर्माल्य आणायचा, आणि गेली कित्येक वर्षं ज्याच्या घरचं निर्माल्य दुसरंच कुणीतरी आणतंय. फक्त या वेळची पुडी त्याला त्या दुसऱ्या माणसाच्या हातात देता येईना, कारण आत त्याच माणसाचा दाखला होता. मग बेचाळीस पायऱ्या स्वतः चढाव्या लागल्या. शनिवारी. आणि सोमवारी गुडघ्याला पट्टा आला."

एवांथियानं पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"पोलिक्सेनी," ती म्हणाली, "सगळ्यांसमोर..."

"बाकीची फाईल कुठं आहे?"

"शेगडीत घातली." तिनं द्रिताकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच बघत बोलली. "तिची मुलगी गरोदर आहे जर्मनीत. नागरिकत्व मिळालं की ही दुसऱ्या दिवशी विमानात बसेल, सगळ्याच जातात. मग आईला कोण धुणार? मी धुवायचं का? या हातांनी?"

तिनं हात पुढे केले. मऊ, गोरे, अंगठीवाले हात. पन्नास वर्षं ओळखते मी ते हात, आणि त्या क्षणी मला त्यांची किळस आली. चोरी करायला ते चालले होते, फाईल जाळायला चालले होते, देवाचा कागद नखानं सोडवायला चालले होते. आईला धुवायलाच तेवढे चालत नव्हते.

द्रिता पहिल्यांदाच बोलली. "नोना, मी तुम्हाला नाताळात सांगितलं होतं. आईंचे डोळे मिटेपर्यंत मी कुठं जात नाही."

"लोक बोलतात असं," एवांथिया म्हणाली.

पोलिसांना बोलवायला मी फोनकडे हात नेला. द्रितानं मान हलवली. "नको बाई. पोलीस आले की प्रकरण सुरू होईल आणि मीच अडकेन त्यात. आणि फाईल तर गेलीच."

घड्याळात साडेनऊ झाले होते. टपाल बाराला होतं. बावीस वर्षांचे कागद अडीच तासांत कुठून आणणार? तेव्हा पांदेलिस खाकरला, उठला आणि खिशातली किल्ली काढून त्यानं खालचा खण उघडला.

"प्रती आहेत," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "सगळ्या कागदांच्या. शुक्रवारच्या आधीच काढल्या होत्या. घरी नेऊन चुका शोधत होतो. ते नियमात बसत नाही, म्हणून बोललो नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो गठ्ठा मी हातात घेतला. एकेक कागद होता, क्रमानं, कोपऱ्यात पेन्सिलीनं खुणा केलेल्या. जिनं तिला लेक म्हटलं तिनं फाईल जाळली आणि ज्याला ती बघवत नव्हती त्यानं पानन् पान जपून ठेवलं होतं.

"चूक सापडली का एखादी?" मी विचारलं.

"नाही ना," पांदेलिस चिडून म्हणाला. "शिक्के मारतो. अस्सलबरहुकूम. पण ऐका, मी तिच्या बाजूचा नाही. मी नियमाच्या बाजूचा आहे."

"मार बाबा शिक्के."

अकरा चाळीसला फाईल टपालात पडली. बाप्तिस्म्याचा दाखला तेवढा द्रितानं परत लावला नाही. घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला आणि घड्याळ बघितलं.

"मी निघते. आईंना कुशीवर वळवायची वेळ झाली."

"तू परत तिथंच जाणार?" मी ओरडलेच.

"म्हातारीनं काय केलंय, बाई?"

७

गुरुवारी तिची मुलाखत झाली. तिनं नद्या, डोंगर, युद्धं आणि सणवार सांगितले. शिफारस झाली आणि तिची राहण्याची परवानगी आपोआप लांबली. मारिगो जुलैत गेली, द्रिताच्या मांडीवर. तिला शेवटची आंघोळ द्रितानंच घातली. एवांथिया दाराबाहेर उभी राहून रडली.

गावाला सगळं कळलं होतं आणि गावानं काहीच केलं नाही. एवांथियाला लोक पूर्वीसारखेच नमस्कार करत. बेकरीत एक बाई मला म्हणाली, चुकलं तिचं, पण तिची बाजूही समजून घ्यायला हवी, माणूस मिळत नाही हो हल्ली. त्यानंतर मी पाव दुसऱ्या गावातून आणू लागले. मीसुद्धा मोठी साजूक नाही. ते शिफारशीचं पत्र मी दहा मिनिटांत खरडलं होतं आणि बावीस वर्षांत द्रिताला एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं.

सप्टेंबरात शपथ झाली. एवांथिया पहिल्या रांगेत बसली, साखरेत घोळलेल्या बदामांची पुडी घेऊन. शपथ संपल्यावर ती लंगडत पुढे आली आणि द्रिताच्या गालाला गाल लावला.

"झालं ना आता सगळं मनासारखं? आईची खोली रंगवून घेते तुझ्यासाठी. माझेही गुडघे काय आता राहिलेत, लवकरच मलाही तुझाच हात लागणार बघ, फोतिनी."

दहा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या नावानं हाक मारली होती.

द्रितानं बदाम घेतले नाहीत. पर्समधून जर्मनीचं तिकीट काढलं आणि परत ठेवलं, बहुधा खाली दुसरं काही होतं ते काढायला. चार घड्यांचा तो दाखला होता. वर ख्रिस्ताचं चित्र, खाली नोनाची सही. तिनं तो एवांथियाच्या हातात ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"हा तुमच्याकडे राहू दे, नोना. मला आता लागणार नाही. जाळता तर येणार नाही तुम्हाला. नकोसा झाला तर चर्चमध्ये नेऊन द्या. पायऱ्या बेचाळीसच आहेत." मग कोटाची बटणं लावत ती शांतपणे म्हणाली, "आणि डबा आता तिथं नसतो. मागच्या दाराशी पिंप असतं."